पुराआधीची यादी: दूध संस्था, तालीम आणि आरोग्य केंद्र, सहा महिन्यांच्या नोंदी

पुराआधी गरोदर आणि आजारी माणसं हलवायचा आराखडा आम्ही आरोग्य केंद्राबरोबर बसून केला. पूरपट्ट्यातल्या दुसऱ्या एखाद्या गावाला हाच उद्योग करायचा असेल, तर आमच्या चुका तरी परत होऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवतोय. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. आरोग्यातलं मला काही कळत नाही. दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घनभाग) तेवढं कळतं.

१० फेब्रुवारी

गाव शिवाजी पुलापलीकडं, करवीर तालुक्यात. रेडेडोह फुटला, म्हणजे पंचगंगेचं पाणी पात्र सोडून रस्त्यावर आलं, की आमचा आणि कोल्हापूरचा संबंध तुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. एकवीस साली आमच्या गल्लीतली एक लेक नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता नावेतून काढली. नावेत ती, तिची आई, दोन पोरं आणि एक बॅटरी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या रात्रीचं नाव काढलं की तिची आई अजून गप्प बसते.

आज आशाताई संस्थेत दूध घालायला आल्या तेव्हा म्हणाल्या, आरोग्य केंद्राला पूर-आराखडा करायचाय, 'लोकसहभागातून' असं पत्र आलंय, तुम्ही या. म्हटलं येतो.

२६ फेब्रुवारी

पहिली बैठक. आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. अकराला गावात कोण असतं? निम्मे शिरोलीच्या एमआयडीसीत, उरलेले उसात. आम्ही नऊजण जमलो, त्यातले सहा खात्याचेच. गावाकडून मी, सरपंच आणि तालमीचे वस्ताद. आराखडा आधीच टाइप करून ठेवलेला. डॉक्टर मॅडमनी तो वाचला, आम्ही ऐकला, चहा झाला, सहीचा कागद फिरला. कागदावर वरती छापलेलं: 'ग्रामस्थांशी विचारविनिमय करून'. वस्ताद सही करता करता म्हणाले, "विचार यांचा, विनिमय चहाचा."

मी तो मॅडमकडं नीट वाचायला मागितला. त्यात लिहिलं होतं: पाणी धोका पातळीला गेल्यावर, म्हणजे ४३ फुटांना, गरोदर माता हलवणे. आमच्या ओढ्याची मोरी, म्हणजे रस्त्यावरचा छोटा पूल, ३७ ला बुडते. ४३ ला आमच्या गावात गाडीच येत नाही. हे मी सांगितलं तेव्हा मॅडम दचकल्या आणि म्हणाल्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बदलून येऊन चारच महिने झालेले. त्यांचा दोष नाही. पण आराखडा तीन वर्षं तोच चालत आलेला, फक्त साल बदललेलं.

त्या दिवशी मी मनाशी एक मोजमाप ठरवलं. माणसं किती आली ते मोजायचं नाही. आपण बोलल्यामुळं त्यांच्या कागदावरची एक तरी ओळ बदलली का, ते बघायचं. आजची बदललेली ओळ: शून्य. गेलेला वेळ: तीन तास आणि एक किरकोळ रजा.

४ मार्च

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नावाची समिती प्रत्येक गावात असते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला सुरू झालं तेव्हापासूनची ही कल्पना. वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो, समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असा दंडक आहे. आमच्या गावची आहे का, म्हणून ग्रामपंचायतीत विचारलं. आहे म्हणाले. यादी काढली. सदस्य क्रमांक पाचला माझे चुलते. ते वारले त्याला चार वर्षं झाली. मागच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते 'उपस्थित'.

रागावून उपयोग नव्हता. ग्रामसेवकही नवीनच. यादी नव्यानं करायचं ठरलं. चुलत्यांच्या जागी बचत गटाच्या आक्का.

१५ मार्च

दुसरी बैठक. या वेळी जागा आम्ही ठरवली: दूध संस्थेच्या पुढचं पटांगण, रात्री साडेआठ, संध्याकाळचं संकलन उरकल्यावर. मॅडम, सिस्टर, आरोग्य सेवक आणि उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई, सगळे आले. रात्रीचं येणं त्यांच्या कामाच्या वेळेत बसत नाही, तरी आले, हे मान्य केलं पाहिजे. गावातली साठएक माणसं.

आणि बैठक पार फसली.

पूर म्हटल्यावर पहिलाच माणूस उठला तो एकोणीस सालच्या पंचनाम्यावर. शेजाऱ्याच्या पडलेल्या भिंतीला पैसे मिळाले, माझ्या पडलेल्या घराला नाही. मग दुसरा, मग तिसरा. दीड तास नुसते पंचनामे. मॅडमचा पंचनाम्याशी काडीचा संबंध नाही, पण सरकारचं माणूस म्हणून समोर त्याच दिसत होत्या. त्या गप्प ऐकत बसल्या. मी मध्ये पडायला गेलो तर, "सचिव, तुम्ही सरकारची बाजू घेऊ नगा" हे ऐकून घेतलं. साडेदहाला लोक उठून गेले. आरोग्याचा एक शब्द झाला नाही.

जाताना सिस्टर म्हणाल्या, "दादा, पुढच्या वेळी पहिला अर्धा तास हेच बोलू द्या. पण लिहून घ्या." आमच्या सहा महिन्यांतला सगळ्यात शहाणा सल्ला हा.

२२ मार्च

तिसरी बैठक, जागा आणि वेळ तीच. संस्थेचा फळा बाहेर काढला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडं 'आपल्या हातातलं', उजवीकडं 'दुसऱ्या खात्याचं'. पंचनामा उजवीकडं लिहिला, सगळ्यांसमोर. उजवीकडच्या अकरा बाबी तलाठ्याकडं लेखी द्यायच्या आणि पोच आणायची, हे काम वस्तादांनी घेतलं. पंचवीस मिनिटांत लोकांचा राग ओसरला असं म्हणणार नाही, पण आपलं म्हणणं फळ्यावर दिसतंय म्हटल्यावर आवाज खाली आले.

डावीकडं पहिली ओळ: मोरी ३७ ला बुडते. मॅडमनी आपल्या कागदावर ४३ खोडलं. मग वाद झाला, किती लिहायचं. तरुण पोरं म्हणाली ३६. एक म्हातारे आबा म्हणाले, "राधानगरीचे दरवाजे उघडले की मग पाणी तुमास्नी इचारून येत न्हाई." राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, मग वेळ रात्रीची का असेना. शेवटी असं ठरलं: आठवा महिना संपलेल्या बाया आणि अंथरुणाला खिळलेली माणसं ३४ फुटांना हलवायची, बाकीचे ३६ ला.

पहिली ओळ बदलली. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एका आकड्यासाठी एवढं?"

२ एप्रिल

यादीचं काम. आशाताईंकडं गरोदर मातांची यादी असते, अपेक्षित तारखेसकट. जुलै-ऑगस्टमध्ये कोण अवघडलेली असेल हे एप्रिलमध्येच कळतं, म्हणून ही यादी आत्ताच करायची. यादीत अकरा नावं. मी ती बचत गटाच्या बायकांपुढं ठेवली आणि दहा मिनिटांत तिची चिरफाड झाली.

अकरातल्या चार बाळंतपणाला माहेरी जाणार, म्हणजे पुराच्या वेळी गावात नसणार. उलट गावच्या तीन लेकी सासरहून इथं येणार, त्या आमच्या यादीत नाहीत, कारण त्यांची नोंद सासरच्या केंद्रात. एकवीस साली नावेतून काढलेली ती लेकसुद्धा अशीच, कुणाच्याच यादीत नव्हती! खात्याची यादी नोंद कुठं झाली ते सांगते, पोटुशी बाई त्या दिवशी कुठल्या घरात झोपली आहे ते नाही. हे आशाताईंना माहीत असतं, पण त्यांच्या रजिस्टरात तसा रकाना नाही. आम्ही पेन्सिलीनं रकाना ओढला: 'जुलैत कुठं?'

खरं सांगायचं तर लाज वाटली. आमच्या संस्थेच्या रजिस्टरात गावातली कुठली म्हैस कधी भरवली, किती महिन्यांची गाभण, कधी विणार, हे सगळं तारखेनिशी आहे.

९ एप्रिल

आजाऱ्यांची यादी. तालमीच्या पोरांचं म्हणणं, कुणाला काय आजार आहे ते आम्हाला द्या, म्हणजे कुणाला आधी काढायचं ते ठरवू. मॅडम म्हणाल्या, देणार नाही. पोरं चिडली. आम्ही रात्री कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवणार नाही? मीही पोरांच्या बाजूनं बोललो. मॅडम बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, टीबीच्या किंवा आणखी कुठल्या पेशंटचं नाव माझ्याकडून बाहेर गेलं तर तो उद्यापासून औषधाला येणार नाही. तोडगा न निघता उठलो.

१३ एप्रिल

माझी चूक. या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी.

गरोदर मातांची दुरुस्त यादी मी मोबाइलवर फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हेतू एवढाच, की काही राहिलं असेल तर लोक सांगतील. पंधरा मिनिटांत एका घरातून फोन. त्यांच्या सुनेला तिसरा महिना, आधी दोनदा गर्भपात झालेला, घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पोस्ट काढून टाकली. तोवर चाळीसएक जणांनी बघितलेली.

त्यांच्या घरी गेलो. सासूनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बरोबरच होतं. मॅडमना फोन करून सांगितलं. वाटलं होतं त्या म्हणतील, बघा मी सांगत होते. तसं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तरी तोडगा काढूया."

तोडगा असा. तालमीच्या यादीत आजार नाही, गरज लिहायची. घर क्रमांक आणि पुढं अक्षर: 'उ' म्हणजे उचलून न्यावं लागेल, 'ग' म्हणजे गाडी लागेल, 'औ' म्हणजे औषधाची पिशवी सोबत घ्यायची, 'आ' म्हणजे आधी. का, ते फक्त सिस्टर आणि आशाताईंना माहीत. पूर्ण यादीच्या दोनच प्रती: एक आरोग्य केंद्रात, एक आशाताईंच्या पेटीत. माझ्याकडं नाही. मीच नको म्हणालो.

२८ एप्रिल

इथंवर सगळं माणसांचं झालं. आज आक्कांनी सभेत म्हटलं, यादीतल्या म्हाताऱ्यांना विचारलंय का, त्या निघणार हाय का? नव्हतं विचारलं.

मी, सिस्टर आणि आक्का असे दारोदार फिरलो. एका म्हातारीनं दारातच सांगितलं, "मी न्हाई हालणार. म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई. तिला दावणीला बांधून मी कुटं जाऊ?" तिला बीपी आणि शुगर दोन्ही. सिस्टरनी दहा मिनिटं समजावलं. म्हातारी ऐकत होती आणि एकीकडं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्या दिवशी चौदा घरं केली. नऊ घरांत एकच उत्तर: जनावर. सुनेला हलवायचं तर नवरा सोबत हवा, नवरा गेला तर धारा कोण काढणार, म्हणून सूनही नाही. खात्याच्या आराखड्यात म्हशीचा उल्लेख नाही, कारण ते माणसांचं खातं. आणि आमची माणसं म्हशीशिवाय हलत नाहीत. दोन्ही पूर नीट आठवून बघितले, तर माणसं मागं राहिली ती बहुतेक याच कारणानं.

संध्याकाळी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या मूळच्या शहरातल्या. आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

५ ते २७ मे

तीन आठवडे एका पत्रात गेले. पशुवैद्यकीय दवाखाना हे वेगळं खातं. तिथले डॉक्टर म्हणाले, यायला माझी ना नाही, पण तुमच्या बैठकीला मला कोण बोलावतंय? आरोग्य केंद्राचं पत्र चालेना, त्यांच्या वरिष्ठांमार्फत हवं. आरोग्याचं पत्र वर गेलं, तिथून दुसऱ्या खात्यात, तिथून खाली. दोन्ही दवाखान्यांत चालत चार मिनिटांचं अंतर! पत्र कुठं अडकलंय हे शोधायला मी पाच हेलपाटे घातले. पेट्रोल अंदाजे ६०० रुपये.

शेवटी काम झालं ते वेगळ्याच वाटेनं. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस द्यायला जनावरांचे डॉक्टर संस्थेत येतातच. त्याच सकाळी मॅडमना बोलावलं. लसीकरण चालू असताना गोठ्याजवळ उभ्या उभ्या वीस मिनिटांची बैठक झाली. पत्र नंतर आलं, आठ दिवसांनी.

ठरलं ते असं. वरच्या अंगाला माळावर पत्र्याचं शेड, जनावरं ३२ फुटांना आधी जाणार. दूध संकलन तिथंच, दोन्ही वेळा, हे माझ्याकडं. वैरण-पेंड संस्थेकडून उधारीवर. माणसांची सोय माळालगतच्या शाळेत, म्हणजे म्हातारीला म्हैस नजरेसमोर. ज्यांना हे वाचून आमच्यासारखंच काही करायचंय त्यांना एवढंच सांगतो: आधी गोठा, मग माणूस. आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली आणि दोन महिने घालवले.

३१ मे

शाळा बघायला बचत गटाच्या बायका गेल्या. आराखड्यात 'शौचालय उपलब्ध' लिहिलेलं. होतं, पण कुलूप. किल्ली आणली तर पाणी नाही. पाणी आलं तर दिवा नाही. आक्का म्हणाल्या, रात्री अंधारात कोण बाई जाईल? मग बाया पाणीच पीत नाहीत, दिवसभर रोखून धरतात, गरोदर बाईला तर ते विषच. सिस्टर म्हणाल्या, खरं आहे, छावणीत लघवीच्या जळजळीच्याच तक्रारी जास्त येतात, आम्ही गोळ्या देतो.

समितीच्या निधीतून: दोन एलईडी दिवे आणि वायर ९४०, नळाचं फिटिंग १,१५०, कुलूप आणि तीन किल्ल्या २२०. तिसरी किल्ली आक्कांकडं.

८ जून

रंगीत तालीम. नावच तालीम, त्यामुळं वस्तादांनी ती फारच मनावर घेतली. वेळ ठरवली मी, संध्याकाळी पाच. पाच ही धारांची वेळ. सचिव असून माझ्या लक्षात आलं नाही. निम्मे स्वयंसेवक बादल्या घेऊन गोठ्यात.

जे झालं त्यात हे बिघडलं. चाकाची खुर्ची ट्रॉलीत चढते, पण घराच्या उंबऱ्यातून बाहेरच येत नाही. शेवटी प्लॅस्टिकची हाताची खुर्ची, तिला दोन बांबू आडवे बांधले आणि पालखीसारखी उचलली. बसायला आमचे एक आबा तयार झाले, उतरल्यावर म्हणाले, "जोतिबाची सासनकाठी बरी, इतकी हालत न्हाई." ट्रॉलीला चढायला पायरी नव्हती, लाकडी ठोकळा केला. पहिल्या घरापासून शाळेपर्यंत सहा 'उ' माणसं न्यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. कागदावर पंचेचाळीस मिनिटं धरली होती. मॅडमनी तो आकडाही बदलला.

डिझेल ५५०. वडापाव ४८०.

१९ जून

औषधाच्या पिशव्या. बीपी-शुगरच्या गोळ्या केंद्रातून एरवी आठवड्याच्या मिळतात, लोकांना परत तपासायला यावं म्हणून. पुरासाठी महिन्याच्या हव्यात. साठा पुरेल का यावर दोन फोन आणि एक तालुक्याची फेरी झाली, मग २१ दिवसांच्या मिळाल्या. झिपची पिशवी, आत गोळ्या, चिठ्ठी, नाव नाही, फक्त घर क्रमांक.

इन्सुलिनवाले तिघे. वीज गेल्यावर फ्रीजचं काय, हा प्रश्न गेल्या दोन्ही पुरांत त्यांना छळून गेला होता. सीएचओ ताई म्हणाल्या, वापरात असलेली बाटली महिनाभर थंड सावलीच्या जागी टिकते, मोठ्या माठात छोटं मडकं, मध्ये ओली वाळू. आमच्या कुंभारगल्लीतून तीन जोड आणले, ३६० रुपये. एका काकांनी तर एकवीस साली फ्रीज बंद पडला म्हणून इन्सुलिन फेकून दिलं होतं आणि चार दिवस तसेच काढले होते. हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

१७ ते २४ जुलै

पाऊस लागला. सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर तोच निरोप, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली.

१७ ला दुपारी ३२ झाले. जनावरं हलवायची. पस्तीसएक घरं निघाली, बाकीचे म्हणाले, बघू की उद्या. १८ ला ३४. चार गरोदर, सहा 'उ', सगळी अंधार पडायच्या आत शाळेत. यातल्या दोघी माहेरवाशिणी, पेन्सिलीच्या रकान्यातल्या. त्या रात्री मी लिहिलं होतं, सगळं ठरल्याप्रमाणे. एवढ्यात लिहायला नको होतं.

१९ ला पहाटे मोरी बुडाली. बंधाऱ्यावर ३६ फूट २ इंच. आमचा ३७ चा हिशेब चुकला, कारण गेल्या वर्षी ओढ्याकाठी कुणीतरी भराव टाकलाय आणि फुगवटा आता लवकर येतो. आणि सकाळी सातला कळलं, एमआयडीसीत कामाला असलेले परराज्यातले चार कामगार आणि त्यातल्या एकाची बायको गावाबाहेरच्या खोल्यांत अडकलेत. बायकोला सातवा महिना. ती ना आशाताईंच्या यादीत, ना बचत गटाच्या, ना दूध संस्थेच्या. ते दूध घालत नाहीत, विकत घेतात. माझं अख्खं रजिस्टर घालणाऱ्यांचं.

पोरांनी ट्रॅक्टर पाण्यात घातला, मांडीएवढं पाणी होतं, आणले. एका पोराचा पाय काचेनं कापला, चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. ती बाई शाळेत दोन दिवस कुणाशी बोलली नाही, भाषेमुळं. आक्का तिच्या शेजारी झोपल्या.

पाणी ४१ फुटांवर थांबलं, २२ ला उतरायला लागलं. अठरा तारखेला आलेल्या चौघींपैकी एकीला २१ ला कळा सुरू झाल्या. माळाकडचा रस्ता उघडा होता, १०२ ची गाडी दारात आली, मुलगी झाली. म्हशीवाली म्हातारी सहा दिवस शेडजवळच बसून होती, गोळ्या वेळेवर घेतल्या. घरात तिनं कधी घेतल्या नव्हत्या असं तिची सून म्हणते.

२७ जुलै

चिखल. पिण्याच्या पाण्याचं बघताना आणखी एक फजिती. टाकी पन्नास हजार लिटरची, हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) म्हणजे सव्वाशे ग्रॅम टाकलं, अर्ध्या-पाऊण तासानं नळाला ओटी (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) तपासली, तर पिवळा रंगच नाही. परत टाकलं, परत नाही. पोतं मार्चपासून ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, या पोत्यात बहुधा नुसता चुनाच उरला होता. नवं पोतं केंद्रातून आलं. तोवर दोन दिवस उकळून प्या म्हणून भोंगा फिरवला, तोही संस्थेचा.

लेप्टो, म्हणजे पुराच्या चिखल-पाण्यातून होणारा ताप, तो होऊ नये म्हणूनच्या गोळ्या, डॉक्सी, चिखलात काम करणाऱ्या मोठ्यांना मॅडमच्या सांगण्यावरून आठवड्याला एकदा. गरोदर आणि लहान मुलं वगळून. पहिल्या आठवड्यात पोरांनी उपाशीपोटी घेतल्या, पोटात ढवळलं, उरलेल्या गटारात गेल्या. दुसऱ्या आठवड्यापासून आशाताई संध्याकाळी संस्थेत बसल्या आणि जेवणाची वेळ विचारून दिल्या. दूध घालायला आलेला माणूस चुकत नाही.

६ ऑगस्ट

आढावा बैठक, पटांगणात. मॅडम वरच्या कार्यालयाला पाठवायचा अहवाल घेऊन आल्या होत्या. त्यात एक रकाना: 'सामाजिक संस्थांचा सहभाग: होय / नाही'. मॅडम म्हणाल्या, हे इथं कसं लिहू? वस्ताद म्हणाले, 'होय' ला गोल करा आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोरीचं लिहा. त्यांनी लिहिलं. मोरी ३६ ला बुडते, जनावरं ३१ ला, गरोदर आणि 'उ' ३३ ला, बाकीचे ३५ ला.

एकूण खर्च सतरा हजार चारशे. समितीचा निधी साडेनऊ हजार, संस्था पाच हजार, उरलेले आमच्या खिशातून. यात औषधं आणि शेडचे पत्रे नाहीत, पत्रे उधार आणले होते आणि परत केले. सात पत्र्यांना भोकं पडली म्हणून मालक कुरकुरला.

राहिलेलं असं. भराव कुणी टाकला ते फळ्याच्या उजव्या बाजूला आहे, तलाठ्याकडची पोच आहे, पुढं काही नाही. भाड्याच्या खोल्यांची यादी घरमालक द्यायला तयार नाहीत, कर लागेल म्हणून. मॅडमची बदली होणार अशी कुणकुण आहे. तसं झालं तर नव्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात संध्याकाळच्या संकलनाला बोलवायचं, हे आशाताईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. ज्या सुनेचं नाव मी ग्रुपवर टाकलं होतं तिला आता सातवा लागलाय. काल तिची सासू दूध घालायला आली. फॅट किती लागलं ते विचारलं, बाकी काही बोलली नाही.